ओळख एकदाच, दारं अनेक

कार्यालयात काम करणाऱ्या कोणालाही विचारून पाहा, दिवसातून किती वेळा पासवर्ड टाकावा लागतो? सकाळी संगणक सुरू करताना एकदा, ई-मेल उघडताना एकदा, हिशेबाच्या प्रणालीत शिरताना एकदा, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमधली फाइल उघडताना आणखी एकदा, आणि जेवून परत आल्यावर पुन्हा सुरुवातीपासून. मग तो पासवर्ड कागदाच्या कपट्यावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला जातो. नाहीतर सगळीकडे एकच ठेवला जातो, मुलाचं नाव आणि पुढे त्याचं जन्मसाल. संगणक विभागातली माणसं यावर रागावतात. मी स्वतः बरीच वर्षं याच विभागात काम करतो, पण माझं मत थोडं निराळं आहे. यात दोष माणसांचा कमी आणि पुन:पुन्हा ओळख विचारणाऱ्या दारांचा जास्त आहे.

ही दारं कमी कशी करायची, याला आमच्या भाषेत 'सिंगल साइन-ऑन' म्हणतात. म्हणजे ओळख एकदाच पटवायची आणि नंतर आपल्या अधिकारातली सगळी दारं आपोआप उघडायची. त्यातल्या एका अवघड प्रकाराबद्दल आज बोलायचं आहे. आपला लॅपटॉप नोंदलेला आहे क्लाउडमध्ये, आणि हवी असलेली फाइल आहे कार्यालयाच्या आवारातल्या जुन्या सर्व्हरवर. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तरीही फाइल पासवर्ड न विचारता उघडते. ती कशी उघडते, आणि हा प्रश्न केवळ सोयीचा नसून सुरक्षिततेचा का आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

प्रथम ही दोन ठिकाणं समजून घेऊ. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथली भागांची ड्रॉइंग्ज, दरपत्रकं आणि पगाराच्या फायली आवारातल्याच एका खोलीतल्या सर्व्हरवर आहेत. ड्रॉइंगच्या फायली वजनदार असतात, शॉपमध्ये त्या दिवसभर लागतात, आणि इंटरनेट बंद पडलं म्हणून यंत्रं थांबवून चालत नाही. म्हणून त्या जवळच ठेवल्या आहेत. ई-मेल, बैठका, सामायिक कागदपत्रं मात्र क्लाउडमध्ये गेली आहेत. क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीतले, भाड्यानं घेतलेले संगणक. आता प्रत्येक ठिकाणी एक नोंदवही असते. कोण आपला माणूस, त्याचा अधिकार कोणता, तो कोणत्या गटातला, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. कारखान्याची वही आवारात, क्लाउडची वही दूर कुठेतरी. आमच्यासमोरचा सगळा प्रश्न या दोन वह्यांचा आहे.

पासवर्ड नावाची गोष्ट संगणकावर आली कुठून? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीमध्ये, फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत दाखवली. संगणक सामायिक झाला, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखणं आलं, आणि त्यासाठी प्रत्येकाला गुप्त शब्द दिला गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ॲलन शेर नावाच्या तिथल्याच संशोधकानं यंत्राला एक पंचकार्ड देऊन सगळ्यांचे पासवर्ड कागदावर छापून घेतले. त्याच्या वाट्याला येणारा संगणकाचा वेळ त्याला अपुरा पडत होता, इतकंच कारण! पासवर्ड जन्मला आणि वर्षभरातच चोरीला गेला. एका ठिकाणी सगळे पासवर्ड साठवले की ते ठिकाणच चोराचं लक्ष्य होतं, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

याच संस्थेत १९८३ मध्ये 'प्रोजेक्ट अथेना' नावाचा उपक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी संस्थेच्या आवारात ठिकठिकाणी संगणक ठेवायचे आणि ते सगळे तारांनी जोडायचे. कोणीही विद्यार्थी कुठल्याही संगणकावर बसला तरी त्याच्या फायली त्याला मिळाल्या पाहिजेत. पण मग तारेवरून जाणारा मजकूर कोणीही ऐकू शकणार. पासवर्ड त्या तारेवरून पाठवला तर तो चोरणं सोपं. या अडचणीतून जी पद्धत तयार झाली तिचं नाव 'कर्बेरॉस'. ग्रीक पुराणकथांतला हा मृत्युलोकाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. आपल्याकडेही ऋग्वेदात यमाचे चार डोळ्यांचे दोन श्वान वाट राखतात, त्यांचाच हा भाऊबंद म्हणा. या पद्धतीचा पाया रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. तीन तोंडांचं नाव तिला शोभतं, कारण हा व्यवहार तीन पक्षांचा असतो : मागणारा, देणारा आणि दोघांचाही विश्वास असलेला तिसरा.

रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही, म्हणून एका मोठ्या कार्यालयाची कल्पना करू. फाटकाशी एक खिडकी आहे. तिथे बसलेल्या माणसाकडे नोंदवही आहे. आपण सकाळी येतो, आणि ओळख पटवतो. पण पासवर्ड तोंडानं सांगत नाही. आपला संगणक पासवर्डपासून एक किल्ली तयार करतो, 'आत्ता किती वाजले' एवढा मजकूर त्या किल्लीनं कुलूपबंद करतो आणि खिडकीत देतो. खिडकीतल्या माणसाकडे आपल्या नावापुढे तीच किल्ली लिहिलेली असते. त्यानं ते कुलूप उघडलं आणि आत बरोबर वेळ निघाली, की त्याची खात्री पटते. ही पेटी बंद करणाऱ्याला पासवर्ड ठाऊक आहे, नाहीतर ती त्याला अशी बंद करताच आली नसती. गुप्त शब्द न उच्चारता तो आपल्याला माहीत आहे हे सिद्ध झालं.

त्यावर खिडकीतला माणूस आपल्याला दिवसभराचा एक मूळ पास देतो. तो त्याच्या स्वतःच्या शिक्क्यानं बंद केलेला असतो. आपल्यालाही तो उघडून वाचता येत नाही. मग आपल्याला दप्तरखान्यात जायचं असेल, तर पुन्हा ओळख पटवायची गरज नाही. मूळ पास खिडकीत दाखवायचा आणि म्हणायचं, 'मला दप्तरखान्यासाठी चिठ्ठी द्या.' ती चिठ्ठी दप्तरखान्याच्या किल्लीनं बंद केलेली मिळते. दप्तरखान्याचा कारकून आपल्या किल्लीनं ती उघडतो. आत आपलं नाव, आपले गट आणि मुदत लिहिलेली असते. तो फाटकाला फोन करून विचारत बसत नाही, आणि आपला पासवर्ड तर त्याच्या नजरेलाही पडत नाही. लेखा विभागासाठी वेगळी चिठ्ठी, छपाईसाठी वेगळी. हे सगळं संगणक आपापसांत क्षणार्धात करतात. माणसाला फक्त फाइल उघडलेली दिसते.

यात एक गोम आहे, ती घड्याळाची. पेटीत वेळ लिहिलेली असते ती उगाच नव्हे. ती नसती, तर चोरानं आजची बंद पेटी उचलून उद्या पुन्हा खिडकीत दिली असती. अशा चिठ्ठ्यांत वेळेची नोंद हवी, हे डॉरथी डेनिंग आणि जोव्हान्नी सॅको यांनी १९८१ मध्ये सुचवलं. विंडोजच्या व्यवस्थेत दोन घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर ओळख नाकारली जाते, आणि मूळ पास साधारणपणे दहा तासच चालतो. एखाद्या सकाळी कोणा एकाच्याच संगणकावर काही उघडेनासं झालं, तर आम्ही आधी त्याच्या घड्याळाकडे पाहतो, त्याचं कारण हेच. आपल्या देशात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत संस्थांनी आपल्या संगणकांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं. तो नियम काही कर्बेरॉससाठी केलेला नव्हता; पण घड्याळ बरोबर चाललं की त्याचा फायदा इथेही होतोच.

फेब्रुवारी २००० मध्ये 'विंडोज २०००' बाजारात आलं आणि मायक्रोसॉफ्टनं कर्बेरॉसची ही पद्धत आपल्या कार्यालयीन व्यवस्थेचा पाया केली. नोंदवहीला नाव मिळालं 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी', आणि खिडकीतल्या माणसाचं काम करणाऱ्या सर्व्हरला 'डोमेन कंट्रोलर'. पुढची पंधरा वर्षं जगभरच्या असंख्य कार्यालयांतला कारभार याच वहीवर चालला. त्या काळात माणूस कार्यालयात, त्याचा संगणक कार्यालयात आणि सर्व्हरही कार्यालयात. माणसाबरोबर त्याच्या संगणकाचीही नोंद त्याच वहीत असे. एकदा सकाळी पासवर्ड टाकला की दिवसभर फोल्डर, प्रिंटर, हिशेब सगळं विनासायास उघडत असे. ज्यांनी त्या काळात काम केलं, त्यांना हे सुख आठवत असेल.

मग चित्र बदललं. जुलै २०१५ मध्ये 'विंडोज १०' आलं आणि त्यात संगणकाची नोंद थेट क्लाउडच्या वहीत करण्याची सोय आली. त्या क्लाउडच्या वहीचं नाव तेव्हा 'अ‍ॅझ्युअर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' होतं. २०२३ मध्ये ते बदलून 'एन्ट्रा आयडी' झालं. सुरुवातीला या सोयीकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि माणसं लॅपटॉप घेऊन घरी बसली, तेव्हा तिची किंमत कळली. घरी बसलेल्याला कार्यालयाच्या फाटकाची खिडकी दिसतच नाही. क्लाउडची खिडकी मात्र इंटरनेट असेल तिथून दिसते. नवा लॅपटॉप कुरिअरनं कर्मचाऱ्याच्या घरी पाठवायचा, त्यानं तो उघडून आपली ओळख पटवायची, आणि तो थेट क्लाउडच्या वहीत नोंदला जायचा. कार्यालयात आणून ठेवायचीही गरज नाही.

पण इथेच आपल्या कारखान्याची अडचण सुरू होते. क्लाउडची भाषा वेगळी आहे. तिथे कर्बेरॉसच्या चिठ्ठ्या चालत नाहीत. तिथे वेबवरचे, सही केलेले परवाने चालतात. लॅपटॉपला सकाळी क्लाउडकडून असा एक मोठा परवाना मिळतो, आणि त्याच्या आधारे ई-मेल, बैठका सगळं उघडतं. ड्रॉइंग्जचा जुना सर्व्हर मात्र तो परवाना ओळखत नाही. त्याला कर्बेरॉसची चिठ्ठी हवी, आणि ती देणारी खिडकी कारखान्याच्या आवारात आहे. शिवाय त्या आवारातल्या वहीत या लॅपटॉपची नोंदच नाही. अनेकांना वाटतं, आता दर वेळी पासवर्ड विचारला जाणार, दुसरा इलाज नाही.

इलाज आहे, आणि तो लॅपटॉपची नव्हे, तर माणसाची नोंद दोन्हीकडे ठेवण्यात आहे. आवारातल्या वहीतल्या माणसांच्या नोंदी ठरावीक वेळानं क्लाउडच्या वहीत उतरवून घेणारा एक प्रोग्राम असतो. नोंद उतरवताना तो एक महत्त्वाची गोष्ट सोबत नेतो : हा माणूस मूळचा कोणत्या वहीतला आणि तिथली त्याची ओळखखूण कोणती. आपण सकाळी पासवर्ड टाकून लॅपटॉप उघडतो, तेव्हा क्लाउड परवान्यासोबत हेही कळवतं की याचं मूळ घर अमुक डोमेन. लॅपटॉप ते लक्षात ठेवतो. दुपारी आपण ड्रॉइंगचा फोल्डर उघडायला गेलो, की लॅपटॉप त्या मूळ घराची खिडकी शोधतो, सकाळी टाकलेल्या पासवर्डच्या आधारे तिथे बंद पेटी देतो, मूळ पास घेतो, चिठ्ठी घेतो, आणि फोल्डर उघडतो. आपल्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता पुढची पायरी. आजकाल लॅपटॉप चेहरा पाहून, बोट लावून किंवा छोटा पिन टाकून उघडतात. विंडोजमध्ये या सोयीला 'हॅलो' म्हणतात. इथे चेहरा किंवा बोटाचा ठसा कुठेही पाठवला जात नाही. त्यानं फक्त लॅपटॉपमधली एक किल्ली मोकळी होते. ही किल्ली बहुधा टीपीएम नावाच्या सुरक्षित चिपमध्ये जपलेली असते आणि लॅपटॉपबाहेर कधीच जात नाही. म्हणूनच पिन चार-सहा आकड्यांचा असला तरी चालतो. तो चोरून कोणाला उपयोग नाही. सोबत तो लॅपटॉपही चोरावा लागेल. पण पासवर्ड टाकलाच नाही, तर कारखान्याच्या खिडकीत द्यायची पेटी कशानं बंद करणार?

याचं उत्तर समजायला आपल्याला हुंडी आठवली पाहिजे. पुण्याच्या सराफानं लिहून दिलेली हुंडी काशीच्या पेढीवर वटत असे. यात्रेकरू रोकड घेऊन जात नसे. काशीचा पेढीवाला यात्रेकरूला ओळखत नसला, तरी पुण्याच्या सराफाची सही आणि खूण ओळखत असे. दोन पेढ्यांचा आपसांतला विश्वास आधी ठरलेला असे, म्हणून तिसऱ्या माणसाचं काम होत असे. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं याच धर्तीची सोय आणली. कारखान्याच्या वहीत क्लाउडच्या नावानं एक खास नोंद करायची आणि तिची किल्ली क्लाउडला देऊन ठेवायची. सकाळी चेहरा दाखवून लॅपटॉप उघडला की क्लाउड त्या किल्लीनं बंद केलेला एक अर्धा पास देतो. त्यात फक्त माणसाची ओळखखूण असते. तो कोणत्या गटात आहे, त्याचे अधिकार काय, हे नसतं. लॅपटॉप तो अर्धा पास कारखान्याच्या खिडकीत नेतो. खिडकीतला माणूस किल्ली ओळखतो, आपल्या वहीत नाव शोधतो, अधिकार स्वतः लिहितो आणि पुरा पास देतो. म्हणजे माणूस कोण हे क्लाउडनं सांगितलं. त्याला काय द्यायचं हे मात्र कारखान्यानंच ठरवलं. आणखी एक दक्षता म्हणजे, ज्यांच्या हाती साऱ्या व्यवस्थेच्या किल्ल्या असतात त्या मुख्य व्यवस्थापकांच्या खात्यांना ही हुंडी मुळातच वटत नाही, निदान कोणी मुद्दाम तशी मुभा दिल्याशिवाय.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अर्धा पास क्लाउड देत असलं, तरी तो पुरा करून घ्यायला कारखान्याची खिडकी दिसावीच लागते. घरून काम करताना त्यासाठी व्हीपीएनचा किंवा तसाच दुसरा बंदिस्त मार्ग लागतो. तो बंद असेल, तर ई-मेल चालेल आणि ड्रॉइंग उघडणार नाही. दुसरं, आवारातल्या वहीत लॅपटॉपची नोंद नसल्यामुळे जिथे माणसाऐवजी संगणकाचीच ओळख मागितली जाते, अशा जुन्या व्यवस्था अडतात. तिसरं, सर्व्हरला नावानं हाक मारावी लागते. काही जण सवयीनं आकड्यांचा पत्ता टाकतात. चिठ्ठी नावानं निघते, आकड्यानं सहसा निघत नाही. मग संगणक एनटीएलएम नावाच्या जुन्या, कमकुवत पद्धतीकडे वळतो. तिचा विकास थांबवल्याचं मायक्रोसॉफ्टनं जून २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. तेव्हा जुन्या शॉर्टकटमधले आकडे काढून तिथे नावं घालणं, एवढ्या साध्या कामानंही पुष्कळ फरक पडतो.

श्रोतेहो, आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? चार वेळा पासवर्ड टाकला तर बिघडलं कुठे? एका संस्थेतला प्रसंग सांगतो. नाव अर्थातच सांगणार नाही. त्यांनी सगळे लॅपटॉप क्लाउडच्या वहीत नेले होते, पण दोन वह्यांमधला हा पूल बांधलाच नव्हता. फोल्डर उघडायला गेलं की एक चौकट येई आणि नाव, पासवर्ड विचारी. दिवसातून पाच-सहा वेळा. महिन्याभरात लोकांचा हात बसला. चौकट आली की बोटं आपोआप चालत. एके दिवशी लेखा विभागातल्या एका बाईंना ई-मेल आली, 'सोबतची फाइल पाहा.' त्यांनी दुवा उघडला, तशीच चौकट आली, त्यांनी शेजारणीशी बोलता बोलता पासवर्ड टाकला. ती चौकट खोटी होती. पुढच्या काही दिवसांत त्यांच्या खात्यातून ग्राहकांना पत्रं गेली : आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात भरावेत. एका ग्राहकानं भरलेही.

मला बोलावलं गेलं ते त्यानंतर. बैठकीत सगळ्यांचा रोख त्या बाईंवर होता. प्रशिक्षण दिलं होतं, सूचनाफलकावर लिहिलं होतं, तरी असं कसं केलंत? त्या खाली मान घालून बसल्या होत्या. मी एवढंच विचारलं, 'रोज येणाऱ्या सहा खऱ्या चौकटींत आणि या सातव्या खोट्या चौकटीत त्यांनी फरक कशावरून करायचा होता?' याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. नंतर आम्ही पूल बांधला. चौकटी बंद झाल्या. काही महिन्यांनी त्याच संस्थेतल्या स्टोअरच्या एका मुलाचा मला फोन आला : 'सर, स्क्रीनवर पासवर्ड विचारतायत. आपल्याकडे तर कोणी विचारत नाही आता. हे कोण आहे?' ती चौकट खोटीच होती. त्या मुलाला कोणी नवं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. पासवर्ड विचारला जाणं ही आता रोजची गोष्ट राहिली नव्हती, म्हणून ती त्याला खटकली.

नाण्याला दुसरी बाजू आहेच. दारं अनेक आणि ओळख एकच झाली, की त्या एका ओळखीची राखण फार मोलाची होते. खिडकीतल्या माणसाचा शिक्काच चोरीला गेला, तर चोर हव्या त्या नावाचे पास स्वतःच छापू शकतो. असे बनावट पास कसे करता येतात हे २०१४ मध्ये जाहीर प्रात्यक्षिकांतून दाखवलं गेलं. त्यांना 'गोल्डन तिकीट' असं नाव आहे. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी काही संस्थांच्या आवारातली परवान्यांवर सही करणारी किल्ली चोरली आणि तिच्या जोरावर ते क्लाउडमध्ये शिरले. पूल बांधला की त्यावरून दोन्ही बाजूंनी ये-जा होते, हे त्यातून दिसलं. २०२३ मध्ये तर खुद्द मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची एक सहीची किल्ली चोरांच्या हाती असल्याचं उघडकीस आलं. तिच्या आधारे बावीस संस्थांच्या आणि पाचशेहून अधिक व्यक्तींच्या ई-मेल पेट्या उघडल्या गेल्या, त्यांत अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांच्याही होत्या. अमेरिकी सरकारनं नेमलेल्या मंडळानं २०२४ मधल्या अहवालात ही घुसखोरी टाळता येण्याजोगी होती, असा ठपका ठेवला.

म्हणून ज्यांच्याकडे अशी व्यवस्था आहे, त्यांनी काही गोष्टी कटाक्षानं पाळायला हव्यात. शिक्क्याची किल्ली ठरावीक काळानं बदलायची. मूळ खिडकीची किल्ली चोरीला गेल्याचा संशय असेल, तर ती दोनदा बदलावी लागते, कारण व्यवस्था आधीची एक किल्लीही लक्षात ठेवते. क्लाउडच्या नावानं केलेल्या त्या खास नोंदीची किल्लीही त्याच वेळापत्रकानं बदलायची. ती केली आणि विसरली, असं पुष्कळ ठिकाणी होतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव त्याच दिवशी बंद करायचं आणि ते दोन्ही वह्यांत बंद झालं की नाही हे डोळ्यांनी पाहायचं. पहिल्या ओळखीच्या वेळी पासवर्डवर विसंबायचं नाही. सोबत फोनवरची संमती, किंवा त्याहून चांगलं म्हणजे लॅपटॉपमधली किल्ली, असा दुसरा पुरावा हवा. आणि दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करायची नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनंही २०१७ च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नये असं सांगितलं. सक्तीनं बदललेल्या पासवर्डच्या शेवटी बहुतेक वेळा नुसता एक आकडा वाढतो, हे आपण सगळे जाणतोच.

हे सगळं संगणक विभागाचं काम झालं. तुमच्याआमच्यासारख्या वापरणाऱ्यांना करता येण्याजोगं एक सोपं काम आहे. उद्या सोमवारी कार्यालयात गेलात की एका कागदावर रेघा मारत चला. दिवसभरात पासवर्ड विचारला गेला, की एक रेघ. संध्याकाळी रेघा मोजा. एक-दोन असतील, तर तुमच्याकडे पूल बांधलेला आहे असं समजा, आणि जास्तीची चौकट आली की हात थांबवून चौकशी करा. दहा-बारा असतील, तर तो कागद संगणक विभागाकडे न्या आणि विचारा, आपल्या दोन वह्या एकमेकींना का ओळखत नाहीत? त्यांना तो प्रश्न नक्की कळेल.